कुत्र्या-मांजरांचा दवाखाना आणि ॲक्युपंक्चर: सांगली-साताऱ्यात सुरुवात कशी करावी

कुत्रं म्हातारं झालं, मागचे पाय ओढायला लागलं, की पूर्वी आपल्याकडचा मालक फार तर दुखणं थांबायचं एक इंजेक्शन मागायचा. आता तोच मालक विचारतो, ‘डॉक्टर, ॲक्युपंक्चरने काही होईल का?’ हा प्रश्न मला आवडतो. त्यामागे त्या जनावराला अजून काही वर्षं चालतं-फिरतं ठेवायची इच्छा असते. पण याच प्रश्नामुळे शिरवळला शिकणारी, नुकती इंटर्नशिप संपवलेली, कधी कधी बारावीतली मुलंही माझ्याकडे येतात आणि थेट विचारतात, ‘सुया टोचायला कुठे शिकवतात?’ त्याचं उत्तर या लेखात चौथ्या पायरीवर आहे. आधीच्या तीन पायऱ्या गाळून तिथे गेलात तर शिकलेलं पेशंटच्या अंगावर येईल, म्हणून लेख त्या क्रमानेच वाचा.

पहिली पायरी: पदवी आणि नोंदणी

बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी, मग नीट. नीटच्या गुणांवर महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ, म्हणजे नागपूरचं माफसू, राज्यातल्या महाविद्यालयांचे प्रवेश करतं. १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर इथे महाविद्यालयं आहेत, आणि आपल्या भागाला सर्वांत जवळचं म्हणजे खंडाळा तालुक्यातलं शिरवळ. त्याला नाव आहे क्रांतिसिंह नाना पाटलांचं, वाळवा तालुक्यातल्या येडेमच्छिंद्रच्या माणसाचं. सांगलीकडच्या मुलांना मी हे मुद्दाम सांगतो.

अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा आहे: साडेचार वर्षं शिक्षण, एक वर्ष इंटर्नशिप. त्यातला मोठा भाग गाई-म्हशी, शेळ्या, कोंबड्या यांचा असतो. ‘मला फक्त कुत्री-मांजरं बघायचीत’ म्हणून या विषयांकडे काणाडोळा करू नका. सातारा-सांगलीत दवाखाना काढल्यावर पहिली काही वर्षं तुमचं घर दुधाच्या जनावरांवरच चालण्याची शक्यता जास्त आहे.

पदवीनंतर महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेत नोंदणी करायची. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार नोंदणीशिवाय स्वतंत्र प्रॅक्टिस करता येत नाही. ॲक्युपंक्चरच्या बाबतीत इथे गोंधळ होतो. माणसांच्या ॲक्युपंक्चरसाठी महाराष्ट्रात २०१५ चा वेगळा कायदा आहे. तो माणसांपुरता. माणसांच्या ॲक्युपंक्चरचा डिप्लोमा करून कुत्र्यांवर सुया चालवण्याचा आडमार्ग धरू नका, मग घरी येऊन करा म्हणणारे कितीही भेटोत. जनावराचं निदान करण्याचा अधिकार ज्याला आहे त्यानेच त्याच्यावर उपचार करायचे.

दुसरी पायरी: स्वतःची लस

इंटर्नशिप सुरू व्हायच्या आधी रेबीजची प्रतिबंधक लस घ्या. आपल्याकडे हे डोस ० आणि ७ व्या दिवशी, मग २१ किंवा २८ व्या दिवशी देतात. लस तीच असते, पण कुत्रं चावल्यानंतरचे डोस वेगळे आणि हे आधीचे वेगळे. आधीची घेतलेली असली तरी चावल्यावर जखम साबणाने पंधरा मिनिटं धुऊन पुढचे डोस घ्यावेच लागतात.

ॲक्युपंक्चर करणाऱ्याला हे जास्त लागू आहे. पिसाळलेलं कुत्रं म्हणजे अंगावर धावून येणारं, अशी लोकांची समजूत असते. पण रेबीजचा एक प्रकार शांत असतो. जबडा लोंबतो, लाळ गळते, मागचे पाय लुळे पडतात, कुत्रं कोपऱ्यात जाऊन बसतं. असं कुत्रं ‘लकवा मारलाय, सुया लावून बघा’ म्हणून तुमच्या टेबलावर येऊ शकतं. अचानक पाय गेलेलं, गिळता न येणारं, लसीचा कागद नसलेलं कुत्रं आलं तर पहिला प्रश्न लसीचा आणि दुसरा भटक्या कुत्र्याच्या चाव्याचा. शंका असेल तर सुई तर नाहीच, तोंडात हातही घालायचा नाही. घशात हाड अडकलंय का बघायला म्हणून घातलेला हात फार महागात पडतो. कुत्र्याला वेगळं ठेवा, लाळेचा संपर्क आलेल्या घरातल्या प्रत्येकाला सरकारी दवाखान्यात पाठवा.

तिसरी पायरी: साधी प्रॅक्टिस, निदान दोन-तीन वर्षं

कुठल्यातरी चांगल्या पशुवैद्याच्या हाताखाली किंवा शिरवळसारख्या ठिकाणच्या चिकित्सालयात राहून लसीकरण, जुलाब, त्वचेचे रोग, गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया, गोचीड ताप, विषाणूमुळे होणारा पार्वो हे सगळं करा. हे नीट न करता ॲक्युपंक्चरकडे गेलेल्याला प्रत्येक पेशंट सुईचाच वाटायला लागतो.

या काळात एक गोष्ट मन लावून शिका: चेतासंस्थेची तपासणी. तुमच्याकडे पुढे येणारे ॲक्युपंक्चरचे बरेचसे पेशंट पाय, कंबर आणि मान यांचे असतील. ‘मागचे पाय गेले’ हे एकच वाक्य मालक चार निराळ्या आजारांसाठी वापरतो.

कुत्र्याला आधी चालवून बघा. मग पंजा उलटा करून जमिनीवर टेकवा. निरोगी कुत्रं तो लगेच सरळ करतं. उशीर झाला किंवा पंजा तसाच राहिला, तर दुखणं नुसत्या सांध्याचं नाही, मज्जातंतूंचं आहे. पाठीवरची कातडी दोन्ही बाजूंनी चिमटीत धरत खालून वर या. कातडी जिथे थरथरायला लागते तिथून बिघाड कुठल्या मणक्याच्या आसपास आहे याचा अंदाज येतो. शेवटी खोल वेदना. बोटाच्या हाडावर चिमट्याने दाब दिला आणि पाय आखडला म्हणून ‘वेदना आहे’ असं केसपेपरवर लिहू नका. पाय आखडणं ही खालच्या मज्जारज्जूची आपोआप होणारी क्रिया आहे, मेंदूशी संबंध तुटला तरी ती होते. कुत्र्याने वळून बघितलं, कळवळलं, चावायला आलं, तर वेदना वरपर्यंत पोचली. या एका तपासणीवर त्या जनावराचं पुढचं आयुष्य ठरू शकतं. डॅशुंडची किंवा स्पिट्झची मणक्यातली गादी सरकली आणि खोल वेदना गेली, तर तो तातडीने शस्त्रक्रियेला पाठवायचा पेशंट आहे. तिथे दिवस मोजत बसायला वेळ नसतो, तास मोजायचे असतात. त्याला ‘आधी पाच बैठका करून बघू’ म्हणणं हा अपराध आहे, आणि हा शब्द मी विचार करून वापरतो आहे.

मांजराचे मागचे पाय अचानक गेले, ते जोरात ओरडतंय, पंजे गार लागतात, मांडीच्या आतल्या बाजूला नाडी लागत नाही, तर ते मणक्याचं दुखणं नाही. हृदयातून आलेली रक्ताची गुठळी महाधमनीच्या फाट्यावर अडकली आहे. कुत्र्याच्या पायाला किंवा डोक्याला सारखे झटके येतात आणि काही आठवड्यांपूर्वी त्याला ताप, नाक गळणं झालं होतं, तर डिस्टेंपर या विषाणूच्या रोगाचा विचार आधी. अंगावर गोचिडी असतील तर काचपट्टीवर रक्त घेऊन तपासा आणि प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, मोजा. आपल्या भागात गोचिडींतून पसरणाऱ्या एर्लिकियाच्या तापात प्लेटलेट खूप उतरतात, आणि अशा कुत्र्याला सुई लावली तर रक्तस्राव होऊ शकतो. पुराच्या पाण्यात फिरलेलं कुत्रं असेल, कृष्णाकाठी २०१९ आणि २०२१ ला तशी किती तरी होती, आणि ते मलूल, पिवळं दिसत असेल तर लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे दूषित पाण्यातून होणारा जंतुसंसर्ग. यातल्या एकाही ठिकाणी ॲक्युपंक्चर हा पहिला उपचार नाही.

पेशंट तुमच्याकडे येण्याआधी त्याला काय दिलंय तेही खोदून विचारा. घरातली पॅरासिटामॉलची गोळी मांजराला दिली तर ते मरू शकतं. डायक्लोफेनॅक या वेदनाशामकावर जनावरांसाठी २००६ पासून बंदी आहे, तरी माणसांच्या औषधांच्या डब्यातून ते कुत्र्याच्या पोटात जातं आणि आतून रक्तस्राव होतो. कुणी स्टिरॉइड टोचलेलं असतं आणि वर तुम्ही मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक लिहिता. या दोन्हींची गाठ पडली की आतड्याला जखमा होतात. दुखणं कमी करणाऱ्या औषधांवर तुमची चांगली पकड हवी, कारण पुढे सुईबरोबर ती कमी करायची, थांबवायची की चालू ठेवायची हा निर्णय तुम्हालाच घ्यायचा आहे.

चौथी पायरी: ॲक्युपंक्चर शिकणं

भारतात ॲक्युपंक्चर रुजवणाऱ्यांत डॉ. विजयकुमार बसूंचं नाव येतं. १९३८ साली चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात ते होते. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीसही त्याच पथकात होते. कोटणीस १९४२ साली तिथेच वारले. बसू १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन ही विद्या शिकून आले. आपल्या शेजारच्या जिल्ह्याचा या गोष्टीशी असा धागा आहे. तो नव्या मुलांना ठाऊक असावा असं मला वाटतं.

जनावरांच्या ॲक्युपंक्चरचं शिक्षण देणारी सर्वांत जुनी आंतरराष्ट्रीय संघटना, इव्हास, १९७४ साली अमेरिकेत सुरू झाली. फ्लोरिडातलं ‘ची’ विद्यापीठही यासाठी ओळखलं जातं. कोर्स कुठलाही निवडा, पैसे भरण्याआधी एवढं विचारा. प्रवेश फक्त पशुवैद्यांना आणि पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यांनाच आहे का? जिवंत जनावरांवर हात बसवून घेतात का, की सगळं पडद्यावरच? शेवटी परीक्षा, अनुभवी डॉक्टरच्या हाताखालचे तास आणि लिहून दिलेल्या केस मागतात का? यातलं एकही नसेल तर तो कागद भिंतीवर लावण्यापुरताच. आणि पूर्ण प्रमाणपत्र मिळालं तरी बोर्डवर ‘चमत्कारी उपचार’ छापाची जाहिरात नको. परिषदेची आचारसंहिता आहेच, आणि आपल्या गावात खरं-खोटं कळायला वेळ लागत नाही.

कोर्समध्ये तुम्हाला ‘ची’ म्हणजे शरीरातली शक्ती, यिन-यांग, मार्गिका ही सगळी चिनी भाषा शिकवतील. ती शिका, बिंदूंची नावं आणि एकमेकांशी असलेलं नातं त्यातूनच लक्षात राहतं. पण मालकाला समजावताना आणि स्वतः विचार करताना शरीररचनेची भाषा वापरा. बिंदू बहुतेक करून मज्जातंतूंच्या फांद्या, स्नायू आणि आवरणं एकत्र येतात अशा जागी आहेत. सुई तिथे गेली की बारीक मज्जातंतू चेतवले जातात, मज्जारज्जू आणि मेंदूत वेदना दाबणारी शरीराची स्वतःची द्रव्यं सुटतात. २०१० साली उंदरांवरच्या एका प्रयोगात गुडघ्याखालच्या प्रसिद्ध बिंदूवर सुई फिरवली तेव्हा त्या जागी ॲडेनोसिन हे द्रव्य वाढल्याचं आणि वेदना कमी झाल्याचं दिसलं.

पुरावा किती आहे हेही प्रामाणिकपणे माहीत असू द्या. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात तोवरचे जनावरांवरचे प्रयोग तपासले गेले. ॲक्युपंक्चर करा असंही आणि करू नका असंही ठामपणे सांगण्याइतका पुरावा त्यात सापडला नाही. त्यानंतर २००७ साली ब्राझीलमधल्या पशुवैद्यांनी गादी सरकलेल्या कुत्र्यांवर नेहमीच्या औषधांच्या जोडीला विजेचं ॲक्युपंक्चर केलं, म्हणजे सुयांतून हलका वीजप्रवाह सोडला. ती कुत्री नुसत्या औषधांवरच्या कुत्र्यांपेक्षा लवकर चालायला लागली. अभ्यास लहान होता. कुत्र्या-मांजरांच्या डॉक्टरांच्या जागतिक संघटनेने २०१४ च्या वेदनेविषयीच्या मार्गदर्शकात ॲक्युपंक्चरला औषधांसोबतच्या उपचारांत जागा दिली. माझ्या मते ती जागा योग्य आहे: वेदना आणि मज्जातंतूंचे आजार, इतर उपचारांसोबत. कर्करोग बरा होतो, मधुमेह जातो, लस लागत नाही, असं सांगणाऱ्या कोर्सपासून लांब राहा.

पाचवी पायरी: सामान

फार लागत नाही. एकदाच वापरायच्या निर्जंतुक सुया: मांजर आणि लहान कुत्र्यासाठी ०.१६ ते ०.२० मि.मी. जाडीच्या आणि साधारण १३ मि.मी. लांबीच्या, लॅब्रेडॉर किंवा जर्मन शेफर्डसाठी ०.२५ मि.मी. जाडीच्या आणि २५ मि.मी. लांबीच्या. रोजच्या २२ गेजच्या इंजेक्शनच्या सुईची जाडी ०.७ मि.मी. असते. दोन्ही सुया मालकासमोर शेजारी ठेवून दाखवा, निम्मी भीती तिथेच जाते. पुढे हात बसला की विजेवर चालणारं यंत्र घ्या, सुरुवातीलाच नको. जमिनीवर टाकायला जाड सतरंजी किंवा रबरी मॅट, कारण गुळगुळीत फरशीवर कंबर दुखणारं कुत्रं घाबरलेलंच राहतं.

वापरलेल्या सुया २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे सुई आरपार जाणार नाही अशा पांढऱ्या डब्यात जायला हव्यात. हे नियम जनावरांच्या दवाखान्यालाही लागू आहेत. प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी आणि कचरा नेणाऱ्या केंद्राशी करार हे दवाखाना उघडतानाच उरकून घ्या.

सहावी पायरी: पहिले पेशंट निवडणं

सुरुवातीला सोपे, मनाने शांत आणि निदान पक्कं झालेले पेशंट घ्या. खुब्याचा संधिवात झालेला म्हातारा लॅब्रेडॉर हा सर्वांत चांगला पहिला पेशंट. बहुतेक वेळा तो लठ्ठ असतो, चपाती-दूध आणि बिस्किटांवर वाढलेला असतो. एक्स-रे काढा, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि यकृताच्या तपासण्या करा, वजन कमी करायचा आहार लिहून द्या, आणि मग सुया. वजन न उतरवता केलेल्या बैठकांचा उपयोग तात्पुरता राहतो. मालकिणीला हे स्पष्ट सांगा. सकाळच्या चहाबरोबरची दोन बिस्किटं बंद करायला तिला तुमच्या सुईपेक्षा जास्त मन घट्ट करावं लागतं.

मूत्रपिंड कमजोर असलेली म्हातारी मांजरं आणि कुत्री हा दुसरा गट. यांना मेलॉक्सिकॅमसारखी औषधं बिनधास्त देता येत नाहीत आणि दुखणं तर असतंच. ॲक्युपंक्चर मला सर्वांत मोलाचं वाटतं ते इथे. तिसरा गट गादी सरकलेल्यांचा: ज्यांना खोल वेदना आहे, ज्यांना शस्त्रक्रियेची गरज नाही किंवा शस्त्रक्रिया होऊन गेली आहे. यांना चार ते सहा आठवडे पिंजऱ्यात किंवा लहान जागेत पूर्ण विश्रांती हवी. ‘सुया लावल्या आता फिरवायला हरकत नाही ना?’ असं विचारलं तर ठामपणे नाही म्हणा.

जत, कवठेमहांकाळ, आटपाडीकडून कारवान कुत्री येतात. शिकारीची, सडपातळ, पातळ कातडीची जात. अंगावर चरबी जवळजवळ नाही, म्हणून छातीच्या आणि बरगड्यांच्या भागात सुई अगदी उथळ आणि तिरकी. सरळ खोल गेली तर फुप्फुसापर्यंत जाऊ शकते. या जातीला थायोपेंटोनसारखी भूल जास्त काळ धरते हेही लक्षात ठेवा.

सुई लावायची नाही अशा जागा आणि वेळा ठरलेल्या आहेत. गाठीवर किंवा गाठीच्या अगदी जवळ नाही. पू झालेल्या, खरूज असलेल्या कातडीवर नाही. रक्त गोठण्यात अडचण असेल तर नाही. गाभण मादीत कंबर आणि पोटाचे बिंदू टाळायचे. फिट येणाऱ्या कुत्र्यावर विजेचं यंत्र नको, आणि कुठल्याच जनावरात प्रवाह छातीतून आरपार जाईल अशा जोड्या नकोत. दमून, उपाशी किंवा घाबरून थरथरत आलेल्या जनावराला त्या दिवशी नुसतं तपासून घरी पाठवा.

पेशंट येतो कसा, याचीही काळजी घ्या. गावाकडून मणक्याचं कुत्रं मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून, नाहीतर पोत्याच्या झोळीत घालून आणतात. फोन आला की आधी सांगा: लाकडी फळीवर आडवं झोपवा, पट्ट्याने हलकं बांधा, गाडी चारचाकी करा.

सातवी पायरी: प्रत्यक्ष बैठक

गर्दीची वेळ टाळा. शेजारी पिल्लू लसीला ओरडत असताना ॲक्युपंक्चर होत नाही. दार बंद, पंखा मंद, मालक जमिनीवर कुत्र्याशेजारी. पहिली पाच मिनिटं नुसता हात फिरवा. कुठे कातडी गरम आहे, कुठे स्नायूची गाठ आहे, कुठे हात लागला की कान मागे जातात, हे बोटांना कळतं. चावरं असेल तर मुसकं बांधा, लाज वाटून घेऊ नका.

पहिल्या बैठकीत थोड्याच सुया. मी साधारणपणे डोक्याच्या माथ्यावरच्या मधल्या बिंदूने सुरुवात करतो, त्याने बरीच कुत्री निवळतात. मग कंबरेचा शेवटचा मणका आणि त्रिकास्थी यांच्यामधल्या खळग्यातला बिंदू, त्याला बाय हुई म्हणतात. कंबर आणि मागच्या पायांच्या जवळजवळ प्रत्येक पेशंटमध्ये तो लागतो. मग मणक्याच्या दोन्ही बाजूंना स्नायूंच्या पन्हळीत, दुसऱ्या कंबर-मणक्याच्या पातळीला एकेक. गुडघ्याखाली नडगीच्या हाडाच्या बाहेरच्या अंगाला, मांसल भागात, एक. दुखरा सांधा सर्वांत शेवटी, आणि पहिल्या दिवशी टाळला तरी चालतो. लुळ्या पायात बोटांमधल्या पडद्यातले बिंदू उपयोगी असतात, पण तिथे संवेदना असेल तर ते झोंबतात, म्हणून तेही शेवटी.

सुई आत गेल्यावर स्नायू किंचित धरतो, बोटाला ओढ जाणवते. कुत्रं एकदा वळून बघतं, ओठ चाटतं, मग बऱ्याचदा डोकं खाली टाकतं. दहा ते वीस मिनिटं ठेवा. अंग झटकलं आणि सुया पडल्या तर रागावू नका, तेवढ्यावर थांबा. न टिकणाऱ्या मांजराला बिंदूंवर बी-१२ चे थोडे थोडे थेंब बारीक सुईने टोचता येतात, काम दोन मिनिटांत होतं.

लावताना सुया मोजा, काढताना मोजा, आकडा केसपेपरवर लिहा. केसाळ पॉमेरेनियनच्या अंगात राहिलेली सुई रात्री घरातल्या लेकराच्या हाताला लागते, नाहीतर कुत्रंच ती गिळतं. आकडा जुळला नाही तर जुळेपर्यंत कुणी खोलीबाहेर जायचं नाही. गिळल्याची शंका असेल तर लगेच एक्स-रे.

विजेचं यंत्र लावाल तेव्हा प्रवाह शून्यापासून हळूहळू वाढवा आणि स्नायू जेमतेम हलायला लागला की थांबा. कमी वारंवारता, २ ते ४ हर्ट्झ, आणि जास्त, ८० ते १०० हर्ट्झ, यांनी शरीरातली वेगवेगळी वेदनाशामक द्रव्यं सुटतात, म्हणून आलटून पालटून देण्याची पद्धत आहे.

एक बिंदू असा आहे जो ॲक्युपंक्चरची प्रॅक्टिस न करणाऱ्या पशुवैद्यालाही यायलाच हवा. नाकाच्या खाली, दोन नाकपुड्यांच्या मधल्या उभ्या खाचेतला. सिझेरियनमध्ये निघालेलं पिल्लू श्वास घेत नसेल तर आधी तोंड-नाक साफ करा, टॉवेलने चोळा, ऑक्सिजन द्या, आणि सोबत या बिंदूत २५ गेजची सुई टोचून हाडापर्यंत नेऊन फिरवा. भुलेत श्वास थांबलेल्या कुत्र्यातही नळी आणि ऑक्सिजनच्या जोडीने हे करतात. एका सुईशिवाय खर्च नाही, आणि पिल्लाने पहिला आचका दिला की टेबलाभोवतीच्या सगळ्यांचा श्वास मोकळा होतो.

आठवी पायरी: मालक, नोंदी, पैसे

पहिल्याच दिवशी मालकाला सांगा की आठवड्यातून एक-दोन बैठका, तीन-चार आठवडे, मग अंतर वाढवत न्यायचं. बैठकीनंतर त्या दिवशी कुत्रं सुस्त राहील, क्वचित दुसऱ्या दिवशी थोडं जास्त आखडेल. चार-पाच बैठकांत काहीच फरक नाही तर सुया वाढवायच्या नाहीत, निदान पुन्हा तपासायचं. सांधा समजून उपचार चालले होते आणि हाडाचा कर्करोग निघाला, असं होऊ शकतं.

फरक मोजायला मालकाचा मोबाईल पुरे. दर आठवड्याला त्याच जागी, त्याच वेळी चालण्याचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. सोबत रोजच्या जगण्यातल्या खुणा लिहायला लावा: पायऱ्या चढतो का, स्कूटरच्या पुढच्या फळीवर स्वतः उडी मारतो का, लघवीला पाय वर करतो का. ‘बरं वाटतंय’ याला नोंद म्हणत नाहीत.

घरच्या कामाचा कागद तुम्ही मराठीत, हाताने लिहून द्या. फरशीवर सतरंजी टाका. पाय गेलेल्या कुत्र्याची लघवी दिवसातून तीन-चार वेळा हाताने दाबून काढावी लागते. ते मालकाच्या हातात हात घेऊन शिकवा, नाहीतर मूत्राशयाचा संसर्ग तुमच्या सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवतो. दर चार तासांनी कूस बदला, हाडांच्या जागी उशी द्या.

गावाकडच्या लोकांना लंगड्या बैलाला डागणं माहीत असतं, म्हणून ते कधी विचारतात, ‘हे म्हणजे तसंच का?’ नाही म्हणा आणि समजावून सांगा. डागण्याने कातडी जळते, जखम होते, जनावर दिवसेंदिवस सोसतं. इथे जळत काही नाही. बैलाला डागू नका हेही त्याच वेळी सांगून टाका. आणि व्यालेली गाय उठत नाही म्हणून बोलावलं तर हातात सुईची डबी नको, कॅल्शियमची बाटली घेऊन जा.

पैशांचं गणित साधं आहे. एका बैठकीत जेवढा वेळ जातो तेवढ्यात लसीचे तीन-चार पेशंट होतात. म्हणून फी वेळेनुसार ठेवा आणि संपूर्ण मालिकेचा आकडा आधी सांगा. अर्ध्यावर पैसे संपले म्हणून थांबलेला उपचार न केल्यासारखाच असतो. ज्याला परवडत नाही त्याला घरच्या व्यायामांचा आणि औषधांचा चांगला आराखडा द्या, तोही उपचारच आहे. केवळ ॲक्युपंक्चरवर आपल्या भागात दवाखाना चालेल असं मला आज दिसत नाही. सकाळ-संध्याकाळ साधी ओपीडी ठेवा आणि आठवड्यातल्या दोन दुपारी सुयांना द्या. त्यातली एक दुपार तुमच्या गावच्या आठवडी बाजाराची ठेवा. त्या दिवशी आजूबाजूच्या खेड्यांतून गाड्या येतातच, आणि फळीवरच्या पेशंटलाही त्यांतून जागा मिळते.